हेन्री फोर्ड : देणारा हात आणि न सोडणारा हात

१९४७ सालच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील रूज नदीला मोठा पूर आला. डिअरबॉर्न गावी या नदीच्या काठी एक प्रशस्त दगडी घर होते आणि त्या घराला लागणारी वीज तेथेच, नदीच्या पाण्यावर तयार होत असे. पुराचे पाणी वीजघरात शिरले व ७ एप्रिलच्या रात्री साऱ्या घरात अंधार झाला. मेणबत्त्या आणि तेलाचे दिवे लावावे लागले. त्या मंद उजेडात, पत्नी जवळ असताना, ८३ वर्षांच्या एका वृद्ध गृहस्थांनी प्राण सोडला. ते हेन्री फोर्ड होते. ज्या शेतकऱ्याच्या घरात त्यांचा जन्म झाला तेथेही तेलाचेच दिवे जळत असत. या दोन दिव्यांच्या मधल्या काळात जगाचे रस्ते, शहरे आणि कारखाने पार बदलून गेले होते, आणि त्या बदलात या एका माणसाचा वाटा फार मोठा होता.

फोर्ड हे नाव ऐकले नाही असा वाचक आम्हांस क्वचितच भेटेल. त्यांच्या गाड्यांची आणि संपत्तीची हकीगत पुष्कळ ठिकाणी छापली गेली आहे. आम्ही मात्र या लेखात त्यांच्या गाड्यांबरोबर त्यांच्या एकुलत्या एका मुलाचीही हकीगत सांगणार आहोत. ती सांगितल्यावाचून पित्याचे चरित्र पुरे होत नाही, असे आम्हांस वाटते.

शेतावरचा मुलगा

हेन्रीचे वडील विल्यम फोर्ड १८४७ साली, दुष्काळाच्या दिवसांत, आयर्लंडहून अमेरिकेस आले आणि डेट्रॉइट शहराजवळ शेती करू लागले. हेन्रीचा जन्म ३० जुलै १८६३ रोजी झाला. शेतकऱ्याचा मुलगा असूनही त्याला नांगरापेक्षा नांगराचे जोडकाम अधिक आवडे. घड्याळ दिसले की ते उघडून पाहावे आणि पुन्हा जुळवावे, हा त्याचा नाद होता. तो १२ वर्षांचा असताना १८७६ साली त्याची आई मेरी वारली. आईवर त्याचा अतिशय जीव होता व तिची आठवण त्याने जन्मभर जपली. त्याच वर्षी वडिलांबरोबर गाडीतून जात असता त्याने रस्त्यावरून आपल्या बळावर चालत येणारे एक वाफेचे इंजिन पाहिले. घोडा नाही, बैल नाही, आणि गाडी चालत आहे, हे दृश्य त्या मुलाच्या मनात कायमचे ठसले.

१८७९ साली, वयाच्या १६ व्या वर्षी, हेन्री घर सोडून डेट्रॉइटला गेला. दिवसा यंत्रशाळेत काम करावे व रात्री घड्याळे दुरुस्त करून चार पैसे मिळवावे, असा त्याचा क्रम होता. मुलाने शेती सांभाळावी अशी वडिलांची इच्छा होती. पुढे त्यांनी त्याला जंगलजमिनीचा एक तुकडाही दिला, आणि काही वर्षे तो गावी राहिलाही. १८८८ साली क्लारा ब्रायंट हिच्याशी त्याचे लग्न झाले. परंतु मन यंत्रांत गुंतलेले होते. १८९१ साली हे जोडपे पुन्हा डेट्रॉइटला गेले आणि फोर्ड हे एडिसन यांच्या नावाने चालणाऱ्या वीजकंपनीत इंजिनिअर म्हणून काम करू लागले. पित्याला हे आवडले नसेल, तरी त्याने मुलाला बांधून ठेवले नाही. पुढील हकीगत वाचताना वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

६ नोव्हेंबर १८९३ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव एडसेल. तो जेमतेम सात आठवड्यांचा असताना, नाताळच्या आदल्या रात्री, फोर्ड यांनी स्वतः बनवलेले छोटे पेट्रोलचे इंजिन स्वयंपाकघरातील मोरीच्या कठड्याला बसवले. क्लाराबाई नाताळच्या स्वयंपाकात गुंतल्या होत्या. त्यांना हातातले काम सोडून इंजिनात थेंबथेंब पेट्रोल ओतावे लागले. इंजिन धडधडले व क्षणभर चालले. बाळ शेजारच्या खोलीत झोपले होते.

अडीच वर्षांनी, ४ जून १८९६ च्या पहाटे, घरामागील विटांच्या शेडमध्ये पहिली गाडी तयार झाली. तिला सायकलची चार चाके होती आणि मागे जाण्याची सोय नव्हती. गाडी बाहेर काढू गेले तो दार अरुंद! फोर्ड यांनी कुऱ्हाड घेतली, भिंतीच्या विटा पाडल्या आणि गाडी रस्त्यावर आणली.

सर्वांसाठी एक गाडी

यश लगेच आले नाही. १८९९ साली काढलेली पहिली कंपनी दीड वर्षात बुडाली. दुसऱ्या कंपनीतून १९०२ साली ते भांडवलदारांशी न पटल्यामुळे बाहेर पडले. ती कंपनी पुढे कॅडिलॅक या नावाने प्रसिद्धीस आली. १६ जून १९०३ रोजी तिसरी कंपनी स्थापन झाली, तीच आजची फोर्ड मोटार कंपनी. बारा भागीदार होते, त्यांत एक कोळशाचा व्यापारी मुख्य होता, आणि रोख भांडवल अवघे २८,००० डॉलर होते. महिन्याभरात बँकेतील शिल्लक २२३ डॉलरवर आली. तेवढ्यात शिकागोच्या एका दंतवैद्याने पहिली गाडी विकत घेतली आणि कंपनी तगली. फोर्ड त्या वेळी चाळिशीच्या उंबरठ्यावर होते.

त्या काळी मोटार ही श्रीमंतांची चैन होती. भागीदारांपैकी काहींना महागड्या गाड्या करून मोठा नफा घ्यावा असे वाटे. फोर्ड यांचे म्हणणे याच्या उलट होते. शेतकऱ्याला, शिक्षकाला, कारखान्यातील कामगाराला परवडेल अशी एकच साधी व मजबूत गाडी करावी आणि तिची किंमत वर्षानुवर्षे उतरवीत न्यावी, हा त्यांचा निश्चय होता. १ ऑक्टोबर १९०८ रोजी ही गाडी बाजारात आली. तिचे नाव मॉडेल टी. इंजिन २० अश्वशक्तीचे होते, आणि पोलाद व्हॅनेडियम मिसळलेले, वजनाला हलके पण बळकट. जमिनीपासून उंच असल्यामुळे ती चिखलाच्या, खाचखळग्यांच्या रस्त्यावरून जाई. बिघडली तर शेतकरी स्वतः पाना आणि हातोडी घेऊन दुरुस्त करी. मागचे चाक उचलून त्यावर पट्टा चढवला की त्याच गाडीवर लाकूड कापता येई आणि पाणीही उपसता येई.

आरंभी तिची किंमत ८५० डॉलर होती. १९१६ साली ती ३६० डॉलरवर आली, आणि १९२५ साली सर्वांत साधी गाडी २६० डॉलरला मिळू लागली. हे कसे घडले? १९१३ साली डेट्रॉइटच्या हायलंड पार्क कारखान्यात फोर्ड आणि त्यांचे सहकारी यांनी कामाची रीतच बदलली. इंजिनाला ठिणगी पुरविणारे मॅग्नेटो नावाचे यंत्र एक कामगार एकट्याने जोडी, तेव्हा त्याला २० मिनिटे लागत. तेच काम २९ माणसांत वाटून, वस्तू एकापुढून दुसऱ्यापुढे सरकत जाईल अशी व्यवस्था केली तेव्हा ते १३ मिनिटांत होऊ लागले, आणि पुढे सुधारणा होत ५ मिनिटांवर आले. मग गाडीचा सारा सांगाडाच साखळीने ओढत कामगारांपुढून नेण्यात आला. पूर्वी त्याच्या जोडणीस साडेबारा तास लागत, ते काम दीड तासाच्या आसपास होऊ लागले. यालाच असेंब्ली लाइन म्हणतात. आज कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक वस्तू, शिवणयंत्रापासून दूरचित्रवाणी संचापर्यंत, याच रीतीने जोडल्या जातात.

पाच डॉलरचा दिवस

परंतु या रीतीत माणसाचे हाल होते. दिवसभर एकच बोल्ट पिळायचा, उद्याही तोच, परवाही तोच. साखळी थांबत नाही, म्हणून हातही थांबता कामा नये. कामगार कंटाळून पळ काढू लागले. १९१३ साली सुमारे १४,००० जागा भरलेल्या ठेवण्यासाठी कंपनीला वर्षात ५२,००० हून अधिक माणसे कामावर घ्यावी लागली.

५ जानेवारी १९१४ रोजी कंपनीने जाहीर केले की, कामाचा दिवस ९ तासांऐवजी ८ तासांचा होईल आणि पात्र कामगारास दिवसाला ५ डॉलर मिळतील. त्यापूर्वी साधारण मजुरी २ डॉलर ३४ सेंट होती. ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. कडाक्याच्या थंडीत हजारो बेकार कारखान्याच्या फाटकाशी जमले. गर्दी आवरेना, तेव्हा त्यांच्यावर पाण्याचे फवारे सोडण्यात आले. ज्यांना काम मिळाले त्यांच्या घरात मात्र खरोखर फरक पडला. गाडी बनविणारा स्वतः गाडी विकत घेऊ शकेल अशी स्थिती जगात प्रथमच आली. १९२६ साली फोर्ड यांनी आठवड्याला पाच दिवस व ४० तास काम हा नियम लागू केला, तोही बहुतेक कारखानदारांच्या आधी.

या पाच डॉलरांना एक अट होती. निम्म्याहून अधिक रक्कम नफ्यातील वाटा म्हणून दिली जाई, आणि तो वाटा मिळण्यासाठी कामगाराचे घर नीटनेटके असावे, तो दारू पिणारा नसावा, त्याने बचत करावी, असे ठरविण्यात आले. हे पाहण्यासाठी कंपनीचे तपासनीस घरोघर जात. १९१५ च्या अखेरीस या खात्याची सूत्रे फोर्ड यांनी आपल्याच पाळकाच्या हाती दिली. डेट्रॉइटच्या सेंट पॉल या एपिस्कोपल कॅथीड्रलचे डीन सॅम्युएल मार्क्विस हे फोर्ड कुटुंबाचे स्नेही होते. त्यांनी मंडळीची सेवा सोडून कारखान्यात पाऊल टाकले. तपासनिसांना त्यांनी सल्लागार असे नाव दिले. परदेशांतून आलेल्या कामगारांना इंग्रजी शिकविण्याची शाळा आधीच सुरू झाली होती, तिला त्यांनी बळ दिले. कामावरून काढलेल्या माणसाचे म्हणणे ऐकून घेण्याची सोयही त्यांच्या खात्याकडे होती. तुरुंगातून सुटलेल्या, अपंग झालेल्या माणसांनाही फोर्ड यांच्या कारखान्यात जागा मिळे. त्या काळी इतर ठिकाणी त्यांना कोण उभे करणार?

कृष्णवर्णीयांचीही तीच गोष्ट. डेट्रॉइटच्या कारखानदारांत फोर्ड यांनी त्यांना सर्वांत अधिक संख्येने कामावर घेतले, पगारही इतरांसारखाच दिला. ही भरती पुष्कळदा त्यांच्या मंडळ्यांमार्फत होई. पाळकाने शिफारसचिठ्ठी दिली की काम मिळण्याची आशा असे. या देणगीची दुसरी बाजू पुढे दिसली. कामगार संघटनेच्या माणसाला ज्या मंडळीने आपल्या इमारतीत बोलू दिले, तिच्या सभासदांच्या नोकऱ्या धोक्यात येत. पाळकांना आपल्या लोकांची भाकर आणि आपले मत यांत निवड करावी लागे.

हात आवळला गेला

फोर्ड यांच्या आयुष्यातील वळण पहिल्या महायुद्धाच्या काळात आले असे आम्हांस वाटते. त्यांना युद्धाचा मनापासून तिटकारा होता. १९१५ च्या डिसेंबरात त्यांनी एक जहाज भाड्याने घेऊन शांतिवाद्यांना युरोपात नेले. युद्ध थांबावे हा हेतू चांगला होता, पण लढणाऱ्या राष्ट्रांनी लक्षही दिले नाही. वर्तमानपत्रांनी थट्टा केली आणि फोर्ड नॉर्वेहून आजारी होऊन परतले. १९१८ साली ते सेनेटच्या निवडणुकीत थोडक्या मतांनी पडले. त्याच सुमारास नफा वाटावा की कारखान्यात घालावा या प्रश्नावर भागधारकांनी त्यांना न्यायालयात खेचले, आणि १९१९ साली निकाल त्यांच्याविरुद्ध गेला. तेव्हा त्यांनी सुमारे १०.५ कोटी डॉलर देऊन सर्वांचे भाग विकत घेतले. कंपनी संपूर्णपणे एका कुटुंबाची झाली. विरोध करू शकेल असा भागीदार आता उरला नाही.

१९२० च्या अखेरीस मंदी आली. कारखाना काही काळ बंद ठेवण्यात आला आणि अनेक जुन्या, विश्वासू अधिकाऱ्यांना निरोप मिळाला. कामगारांशी होणाऱ्या कठोर वागणुकीबद्दल मार्क्विस यांचे वरिष्ठांशी खटके उडू लागले. फोर्ड आपल्या पाठीशी उभे राहत नाहीत हे पाहून १९२१ च्या आरंभी त्यांनी राजीनामा दिला व ते पुन्हा मंडळीच्या सेवेत गेले. दोन वर्षांनी त्यांनी फोर्ड यांच्यावर एक पुस्तक लिहिले. त्यात द्वेष नाही. मोठे औदार्य आणि मोठा कठोरपणा एकाच माणसात शेजारी शेजारी राहू शकतात, आणि एकाला दुसऱ्याची गाठ पडत नाही, याचे दुःख त्यात आहे.

या काळातील एक गोष्ट सांगताना लेखणी जड होते, पण ती टाळणे खरेपणाचे होणार नाही. फोर्ड यांनी डिअरबॉर्न इंडिपेन्डंट नावाचे साप्ताहिक विकत घेतले होते. १९२० च्या मे महिन्यापासून त्यात यहूदी लोकांविरुद्ध लेखमाला सुरू झाली व ती सलग ९१ अंक चालली. जगातील बहुतेक संकटांचे खापर त्या एका समाजावर फोडण्यात आले. हे अंक फोर्ड गाड्यांच्या विक्रेत्यांमार्फत गावोगाव पोहोचत. लेखांची पुस्तके निघाली, त्यांची जर्मन भाषांतरे झाली, आणि हिटलरने आपल्या ग्रंथात फोर्ड यांचा गौरवाने उल्लेख केला. एका यहूदी वकिलाने अब्रुनुकसानीचा दावा लावल्यावर १९२७ साली फोर्ड यांनी जाहीर माफी मागितली व ते साप्ताहिक बंद केले. पण छापलेला शब्द परत घेता येत नाही. पुस्तके जर्मनीत विकली जातच राहिली. १९३८ साली, ७५ व्या वाढदिवशी, फोर्ड यांनी जर्मन सरकारचे मानचिन्ह स्वीकारले. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी जर्मनीत सभास्थाने जाळली गेली. ज्या माणसाने तुरुंगातून आलेल्याला दार उघडले त्याने शेजारच्या समाजाविरुद्ध हे विष का पसरू दिले, याचे समाधानकारक उत्तर कोणत्याही चरित्रात आम्हांस मिळालेले नाही.

पिता आणि पुत्र

आता एडसेलकडे वळू. कारखान्यातच वाढलेला हा मुलगा शांत, सुसंस्कृत आणि मर्यादशील होता. १९१९ च्या आरंभी, वयाच्या २५ व्या वर्षी, त्याला कंपनीचा अध्यक्ष करण्यात आले. नाव अध्यक्षाचे असले तरी अखेरचा शब्द पित्याचाच असे. चरित्रकार सांगतात की, एडसेल यांनी कारखान्यात कोळशाच्या नव्या भट्ट्या बांधविल्या तेव्हा पित्याने त्या पुऱ्या होऊ दिल्या आणि मग पाडून टाकायला लावल्या.

मॉडेल टी आता म्हातारी झाली होती. १९१४ ते १९२५ पर्यंत ती केवळ काळ्या रंगात मिळे. तिकडे जनरल मोटर्सची शेव्हरलेट निरनिराळ्या रंगांत, अधिक सुखसोयींसह आणि हप्त्यांवर मिळू लागली होती. लोकांची आवड बदलली आहे, नवी गाडी काढली पाहिजे, हे एडसेल यांना दिसत होते. १९२६ साली त्यांच्या पत्नीचे मेहुणे व कंपनीचे अधिकारी अर्नेस्ट कॅन्झ्लर यांनी हेच सारे नम्रपणे लिहून हेन्री फोर्ड यांच्यापुढे ठेवले. काही महिन्यांत कॅन्झ्लर यांना कंपनी सोडावी लागली. विक्री घसरतच गेली, तेव्हा कुठे पित्याने मान्य केले. २६ मे १९२७ रोजी दीड कोटीव्या क्रमांकाची मॉडेल टी कारखान्यातून बाहेर आली आणि तिचे युग संपले. त्या दिवशी गाडी एडसेल चालवीत होते व पिता शेजारी बसले होते.

नव्या गाडीची तयारी आधी केलेली नव्हती, म्हणून कारखाने सुमारे सहा महिने थंड पडले व हजारो कुटुंबांची चूल मंदावली. डिसेंबरात आलेली मॉडेल ए ही गाडी मात्र देखणी निघाली. तिचे रूप एडसेल यांच्या नजरेतून उतरले होते. चार वर्षांत ती ४० लाखांहून अधिक खपली. ब्रेकच्या बाबतीतही असेच झाले. तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक अधिक सुरक्षित आहेत असे एडसेल सांगत राहिले. इतर कंपन्यांनी ते केव्हाच घेतले, फोर्ड गाड्यांना ते १९३९ च्या नमुन्यापासून मिळाले.

सर्वांत खोल मतभेद कामगारांविषयी होता. १९३० नंतरच्या महामंदीत ७ मार्च १९३२ रोजी बेकार लोकांचा मोर्चा फोर्ड यांच्या रूज कारखान्यावर आला. पोलीस व कारखान्याचे रक्षक यांनी गोळ्या झाडल्या. चौघे मेले, पाचवा पुढे दगावला. १९३५ साली अमेरिकेत कामगारांना संघटना करण्याचा हक्क कायद्याने मिळाला. जनरल मोटर्स व क्रायस्लर यांनी १९३७ साली संघटनेशी करार केले. एडसेल यांचेही मत बोलणी करावी असे होते. पित्याने तो विषय मुलाच्या हातून काढून हॅरी बेनेट या माणसाकडे सोपविला. बेनेट पूर्वी खलाशी व मुष्टियोद्धा होता, आणि त्याच्या हाताखाली धटिंगणांची फौज होती. २६ मे १९३७ रोजी कारखान्याबाहेरील पुलावर पत्रके वाटण्यासाठी आलेल्या वॉल्टर रुथर व त्यांच्या साथीदारांना या फौजेने बेदम मारले. एका छायाचित्रकाराने आपल्या काचा लपवून नेल्या, म्हणून ते चित्र देशाने पाहिले. अखेर १९४१ च्या एप्रिलात संप झाला व २० जूनला फोर्ड यांनी करारावर सही केली. कंपनीतील जुने अधिकारी चार्ल्स सोरेन्सन यांच्या आठवणींप्रमाणे, सही केली नाही तर आपण घर सोडू, असे क्लाराबाईंनी बजावले होते.

एडसेल यांनी पित्याविरुद्ध कधी जाहीरपणे बंड केले नाही. त्यांना कला प्रिय होती. डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयात मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी रूज कारखान्यातील कामगारांची भव्य भित्तिचित्रे काढली, त्यांचा खर्च एडसेल यांनी दिला. १९३३ साली त्या चित्रांवर काहूर उठले, ती पुसावीत अशी मागणी झाली, तेव्हाही ते चित्रकाराच्या बाजूने उभे राहिले. ती चित्रे आजही तेथे आहेत. मनातली घुसमट मात्र शरीरावर उमटत होती. पोटाचे दुखणे वाढत गेले, शस्त्रक्रिया झाली, कर्करोग निघाला. त्यातच फोर्ड यांच्या शेतावरील न तापवलेल्या दुधामुळे आलेल्या तापाची भर पडली. २६ मे १९४३ रोजी, ४९ व्या वर्षी, एडसेल फोर्ड वारले.

सुमारे ८० वर्षांचे, आजारांनी खंगलेले पिता पुन्हा अध्यक्षाच्या खुर्चीवर बसले. कंपनी युद्धाची विमाने बनवीत होती, पण कारभार ढासळला होता. एडसेल यांचा मोठा मुलगा दुसरा हेन्री नौदलात होता, त्याला त्याच वर्षी मोकळे करून घरी पाठविण्यात आले. तरीही आजोबा अधिकार सोडीनात. शेवटी क्लाराबाई आणि एडसेल यांच्या विधवा पत्नी एलेनॉर या दोघींनी आग्रह धरला. नातवाला अधिकार दिला नाही तर आपले भाग विकून टाकू, असे सुनेने कळविले. २१ सप्टेंबर १९४५ रोजी २८ वर्षांचा नातू अध्यक्ष झाला. त्याने पहिल्याच दिवशी बेनेटला काढून टाकले.

आमच्या देशाशी संबंध

फोर्ड यांची गाडी आपल्याकडेही लवकर पोहोचली. १९२६ साली भारतात फोर्ड कंपनीची शाखा स्थापन झाली व सुटे भाग आणून मुंबईत गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांत ते काम थांबले. १९९० नंतरच्या दशकात कंपनी पुन्हा आली, चेन्नईजवळ आणि पुढे गुजरातेत साणंद येथे तिने कारखाने काढले. २०२१ साली तिने भारतात गाड्या बनविणे बंद करण्याचे जाहीर केले.

याहून नवलाचा संबंध महात्मा गांधींशी आला. १९४१ साली फोर्ड यांनी गांधीजींना आदर व्यक्त करणारे पत्र लिहिले. उत्तरादाखल गांधीजींनी स्वाक्षरी केलेला आपला एक चरखा धाडला, आणि तो युद्धकाळातच फोर्ड यांना पोहोचला. यंत्रयुगाच्या या धुरीणाच्या हाती चरखा! पण फोर्ड यांना जुन्या हातकामाचे वेड होतेच. डिअरबॉर्न येथे त्यांनी जुनी घरे, कार्यशाळा, शाळा आणून एक गाव वसविले होते. राइट बंधूंचे सायकलचे दुकान आणि एडिसन यांची प्रयोगशाळा तेथे आहे. त्यातील प्रार्थनामंदिराला त्यांनी क्लाराबाईंच्या आईचे आणि आपल्या आईचे मिळून मार्था-मेरी हे नाव दिले. ज्या जगाचा आपण शेवट केला तेच जग ते तेथे साठवून ठेवीत होते.

शेवटचा प्रवास

फोर्ड वारले तेव्हा त्याच गावात त्यांचा देह दर्शनासाठी ठेवण्यात आला आणि सुमारे एक लाख माणसे रांगेने येऊन गेली. त्यांत पाच डॉलरच्या दिवसाने ज्यांचे घर उभे राहिले असेही असतील, आणि पुलावर ज्यांनी मार खाल्ला असेही असतील. अंत्यविधीची उपासना डेट्रॉइटच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये झाली. मार्क्विस तेथलेच डीन होते.

आमचे जे बंधुभगिनी शब्बाथशाळेत शिकवितात त्यांनी ही हकीगत मोठ्या मुलांना जरूर सांगावी. मुले पाच डॉलरच्या दिवसाविषयी आनंदाने ऐकतील, तपासनिसांविषयी प्रश्न विचारतील, आणि त्या ९१ अंकांविषयी ऐकून गप्प होतील. त्यांना एकच उत्तर देऊन मोकळे होऊ नये. फोर्ड यांनी दिलेले खरे होते आणि त्यांनी केलेली इजाही खरी होती. मुलांनी दोन्ही गोष्टी एकत्र पाहण्यास शिकावे. आपण मोठी माणसे, ज्यांच्या हाती घर, शाळा, संस्था किंवा मंडळीचा एखादा कारभार आहे, त्यांनी एडसेलच्या वाट्याला काय आले ते आठवावे. त्यांना पद, पैसा, घर सर्व मिळाले होते. पित्याचा विश्वास तेवढा मिळाला नाही.

दीड कोटीव्या क्रमांकाची ती मॉडेल टी आजही डिअरबॉर्नच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. २६ मे १९२७ रोजी तिच्या स्टिअरिंगवर मुलाचे हात होते आणि म्हातारा पिता शेजारच्या जागेवर बसला होता. गाडी नीट चालली व वेळेवर पोहोचली. त्यानंतर एडसेल सोळा वर्षे जगले. त्या सोळा वर्षांत पित्याला शेजारच्या जागेवर बसणे पुन्हा जमले असते, तर फोर्ड यांचे चरित्र आम्ही आज वेगळ्या रीतीने संपविले असते.